मागच्या अंगणाचा उतार

पाऊस पडून गेला की लोक खिडक्या उघडतात, कपडे परत दोरीवर घालतात, चहा टाकतात. मावशी मात्र आधी चप्पल काढायची, मागच्या खोलीत जायची आणि अनवाणी पायाने फरशी चाचपायची. पलंगाखाली, टेबलाखाली, मग भिंतीच्या कडेकडेने. पाय गार लागला की तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "आलं."

पलंगावरून अण्णा विचारायचे, "कोण आलं?"

"पाणी आलं, पाणी!"

"मग त्याला बस म्हण."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. कानाने अधू, जिभेने नाही. सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. दुकान कधीच बंद पडलं, पण दुकानातलं टेबल त्यांनी घरी आणून मागच्या खोलीच्या खिडकीशी लावलं होतं. डोळ्याला भिंग लावून रोज सकाळी त्याच्यापुढे बसायचे. गल्लीतलं कुणी ना कुणी मुकं घड्याळ आणून द्यायचं. ते चालायचं किंवा नाही चालायचं, अण्णांचा दिवस मात्र सुरू व्हायचा.

आणि मावशी म्हणजे शाळेतली मावशी. मुलं मावशी म्हणायची, शिकवणाऱ्या बाया मावशी म्हणायच्या, आणि पुढे पुढे नवराही चिडवायला म्हणून तेच म्हणायला लागला, तेव्हा तिचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं. शाळेची झाडलोट करायची आणि घंटा द्यायची, हे तिचं काम. लग्न होऊन आली तेव्हा तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. लहान काटा आणि मोठा काटा यांत कोण कुणाचं ऐकतं हेच तिला कळायचं नाही. अण्णांनी दुकानातलं एक मोडकं घड्याळ समोर ठेवून, स्वैपाकघराच्या दारात बसून, तिला वेळ वाचायला शिकवलं. सासऱ्याने सुनेला शिकवायचं म्हणजे त्या काळी दोघांनाही अवघडच. ते काट्यांकडे बघून बोलायचे, ती भाताकडे बघून ऐकायची. पण शिकली. म्हणून तर घंटेचं काम मिळालं. तिच्या आधीची बाई अंदाजाने घंटा द्यायची आणि गणिताचा तास कधी संपायचाच नाही.

झाडायला मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नाही. आता झाडणं ते काय, असं कुणी म्हणेल. मावशीने झाडलेला व्हरांडा बघितला की म्हणणार नाही. भिंतीच्या कडेपासून सुरुवात करायची, कोपरा दोनदा ओढायचा, आणि घाण पुढे पुढे ढकलत बाहेर काढायची. नवीन बाई कामावर आली की मावशी तिला हेच सांगायची, "मधूनच झाडायला लागायचं नाही. भिंतीला आधी विचारायचं." घरीही तसंच. शाळेला जायच्या आधी मागचं मातीचं अंगण खराट्याने असं खसाखसा झाडायची, की त्यावर खराट्याच्या रेघा उमटायच्या, जशा विंचरलेल्या केसांत उमटतात. एक पान दिसायचं नाही. झाडलेलं सगळं कुंपणाशी. कुंपणाशी एक जास्वंद होती, ती त्या कचऱ्यावर अशी माजली होती की तिच्यापलीकडचं शेजारघर दिसेनासं झालं होतं.

असं सगळं चकचकीत असताना पाणी घरात का यावं? याच एका गोष्टीने मावशीच्या जिवाचा संताप संताप होत होता.

पाणी काही पूर आल्यासारखं यायचं नाही. तसं आलं असतं तर निदान चार लोक धावले असते. हे चोरासारखं यायचं. मागच्या भिंतीच्या बुडातून, फरशीच्या सांध्यांतून, आवाज न करता. भिंत खालून वर भिजत जायची, गिलाव्याला पोपडे यायचे, अण्णांच्या टेबलातले बारके स्क्रू गंजायचे आणि अण्णा खोकायचे. आधी थोडे खोकायचे, मग बोलण्यापेक्षा जास्त खोकायला लागले. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण या खोलीला मी औषध देऊ शकत नाही."

हे धाकट्या भाऊजींच्या कानावर गेलं. धाकटे भाऊजी म्हणजे तिचा दीर. शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचा. बोलायला मऊ आणि मनाचा वाईट नाही, पण आपल्या फ्लॅटचा अभिमान फार. "आमच्याकडे पाणी फक्त नळाला येतं," असं हसून सांगायचा.

तो आला, भिंतीला हात लावला, हात रुमालाला पुसला आणि म्हणाला, "वहिनी, मी अण्णांना घेऊन जातो."

"कायमचं?"

"कायमचं म्हणजे... अहो, हे बघा ना काय झालंय. माणूस राहील का इथे?"

"आणि टेबल?"

भाऊजींनी टेबलाकडे बघितलं. तेल, डबे, चिमटे, पोटं उघडी पडलेली घड्याळं. "टेबल कशाला? तिथे टीव्ही आहे मोठा."

अण्णांना तेवढं बरोबर ऐकू आलं. ते एक बारका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दगडावर घासत बसले. आणि अण्णा उलटून बोलत नाहीत म्हटल्यावर मावशीला राहवेना. ती म्हणाली, "महिन्याच्या शेवटच्या रविवारी या. तोवर ही खोली कोरडी नाही झाली तर न्या त्यांना. मी दारात आडवी येणार नाही."

म्हणाली खरी. पण करायचं काय, ते तिला कुठे ठाऊक होतं?

करून तर सगळं झालं होतं. नवरा वायरमन, त्यामुळे घरात काही बिघडलं की त्याला वाटायचं, हे आपलंच खातं. फोनवर व्हिडिओ बघायचा आणि रोज एक नवीन उपाय घेऊन यायचा. आधी त्याने मागच्या दाराचा उंबरठा विटा लावून वाढवला, पाणी आत येऊ नये म्हणून. पाणी दारातून येतच नव्हतं, ते भिंतीखालून आलं, आणि वाढवलेल्या उंबरठ्यामुळे बाहेर जायची त्याची वाटही बंद झाली. त्या दिवशी खोलीचा हौद झाला. अण्णा पलंगावर पाय वर घेऊन म्हणाले, "आता मासे सोड."

मग भिंतीला ओल मारणारा रंग दिला. रंग आठवडाभर सुंदर दिसला, मग कांद्याच्या सालीसारखा सुटला. मग अंगणात प्लॅस्टिकचा मोठा कागद अंथरून कडेला विटा ठेवल्या. पाणी कागदाखालून गेलं, सतरंजीखालून मुंगी जावी तसं. गवंडी आला. त्याने कमरेवर हात ठेवून घराभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, सगळी फरशी उखडा, जोतं वर घ्या, चारी बाजूंनी काँक्रीट करा.

"आणि स्वस्तातलं काही?" नवऱ्याने विचारलं.

"स्वस्तातलं म्हणजे पावसाला सांगा येऊ नको."

उरल्या गॅलरीतल्या काकू. कुंपणापलीकडे राहायच्या, सगळा दिवस गॅलरीत बसून गल्लीची राखण करायच्या. त्यांच्या छपराच्या पन्हाळीचा पाइप कुंपणाशी, मावशीच्या अंगणाच्या बाजूला सुटायचा. मावशीने सगळं खापर त्या पाइपावर फोडलं. भांडण असं झालं की गल्लीतल्या लोकांनी टीव्ही बंद केले.

"तुमच्या छपराचं पाणी पितंय माझं घर!" मावशी.

"माझ्या सासऱ्यांच्या काळापासून तो पाइप तिथेच आहे. तेव्हा नाही प्यायलं तुझं घर?" काकू.

"तेव्हाचं मला सांगू नका, आत्ताचं बघा!"

शेवटी काकूंनी तणतणत माणूस बोलावून पाइप स्वतःच्या दाराकडे फिरवून घेतला. त्यानंतरच्या पावसात काकूंच्या दारात घोटाभर पाणी साचलं आणि मावशीच्या खोलीत होतं तितकंच आलं. काडीचा फरक पडला नाही. मावशीला ते दिसत होतं, पण मान्य कोण करतंय? तिने काकूंच्या घराकडे बघायचंच सोडून दिलं. नाहीतरी जास्वंद मध्ये होतीच.

असा तो महिना निम्मा गेला, आणि मग शाळेतली ती सकाळ आली.

शाळेच्या मैदानात झोके होते. पाऊस होऊन गेलेला, मैदान चांगलं सुकलेलं, पण प्रत्येक झोक्याखाली एकेक डबकं. एक चिमुरडी झोक्यावर पाय वर धरून बसली होती आणि ओरडत होती, "मावशी, माझे बूट!" मावशी पत्र्याचा डबा घेऊन पाणी उपसायला बसली. आधीच डोकं तापलेलं. घरी उपसा, शाळेत उपसा.

"एवढं मोठं मैदान पडलंय, आणि बरोबर इथेच मरायचं असतं का याला?" ती पुटपुटली.

खेळाचे सर शिट्टी बोटाभोवती फिरवत उभे होते. म्हणाले, "इथेच साचणार हो मावशी. पोरं झोका घेताना पाय घासतात ना. रोज चिमूट चिमूट माती जाते. कुणाला दिसत नाही, पण खड्डा होतो."

"रोज चिमूट चिमूट?"

"रोज."

मावशीचा डबा हातात तसाच राहिला. समोर झोका हलत होता आणि तिला दिसत होता खराटा. भिंतीच्या कडेपासून सुरुवात. कोपरा दोनदा. खसाखसा. रोज.

त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा उशिरा झाली. मुलांनी तिला दुवा दिला.

घरी आली ती चहा न घेता मागच्या अंगणात. वाकून बघते तर काय, भिंतीला दिलेला चुना जिथे संपत होता, तिथे माती नव्हतीच. त्याखाली जोत्याचे दगड उघडे पडले होते, हिरड्या सुटलेल्या दातांसारखे. लग्न होऊन आली तेव्हा ते दगड दिसतही नव्हते. आणि पलीकडे कुंपणाशी, जास्वंदीच्या बुडाशी, मातीचा बांध उभा. तिने स्वतः उभा केलेला, सूपसूप भरून. अंगण भिंतीकडे कललं होतं, एका बाजूने वर उचललेल्या ताटासारखं.

तरी खात्री नको? तिने बादलीभर पाणी आणून अंगणाच्या मधोमध ओतलं. पाणी जरा थांबलं, आणि घरचंच माणूस असल्यासारखं सरळ भिंतीकडे चालू लागलं.

खिडकीतून अण्णांनी ते बघितलं. भिंग कपाळावर सरकवून म्हणाले, "मी सांगत होतो. ही मागची पायरी दरवर्षी उंच होते. तुम्ही हसायचात. म्हणायचात, अण्णा म्हातारे झाले."

"तुम्ही पायरी म्हणालात! जमीन खाली जाते असं म्हणाला असतात तर?"

"मी खाली बघतो कुठे? मी पाय टाकतो."

मावशी मटकन पायरीवर बसली. राग कुणावर काढायचा, हेच कळेना. गवंड्यावर काढावा तर त्याने नुसती चक्कर मारली होती. नवऱ्यावर काढावा तर तो बिचारा विटा वाहून दमला होता. काकूंवर काढून झाला होता. उरला एकच हात, आणि तो तिचाच होता. बरं, तो हात काही वाईट काम करत नव्हता. आळशी बाई असती, अंगणात पानं कुजू दिली असती, तर घर कोरडं राहिलं असतं. हे तिला फार लागलं. चूक केली म्हणून बोलणी खाल्ली असती तिने. पण चांगलं केलं म्हणून बोलणी खायची, हे कुठल्या घशाखाली उतरायचं?

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. "म्हणजे सगळं घर तू झाडून..."

"हसू नका. फावडं आणा."

कुंपणाशी गेलेली माती उचलायची आणि परत भिंतीशी आणायची, एवढंच तर काम होतं. घरची माती, घरचं फावडं, घरची माणसं. नवरा घमेली वाहू लागला, मावशी ओतू लागली. जास्वंद मुळापासून हलली, तिची निम्मी मुळं उघडी पडली, ती दुसरीकडे नेऊन लावली. दोघांच्या कमरा धरल्या. पण भिंतीशी माती वर आणि कुंपणाशी खाली असा छान उतार झाला. मावशीने त्यावरून खराटा फिरवायला हात उचलला आणि नवऱ्याने तो हातातून काढून घेतला.

दुसऱ्याच दिवशी पावसाची सर आली. दांडगी. आणि ती सगळी सैल माती, वर्षानुवर्षांची झाडलेली बारीक धूळच ती, तिचा चिखल झाला, तो भिंतीशीच खचला आणि मागच्या दाराच्या फटीतून खोलीत आला. आत्तापर्यंत नुसतं पाणी येत होतं, आता माती घेऊन आलं. अण्णांची एक चप्पल पलंगाखालून निघाली आणि टेबलाखाली जाऊन थांबली.

मावशी रडली नाही. रडण्याच्या पलीकडे गेली होती. तिने दारामागचा खराटा उचलला, अंगणात आली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून तो कुंपणापलीकडे भिरकावला.

पलीकडून आवाज आला, "आधी माझा पाइप फिरवलास, आता खराटे फेकतेस?"

जास्वंद आता मध्ये नव्हती. काकू गॅलरीतून उठून कुंपणाशी आल्या, हातात खराटा. त्यांनी अंगण बघितलं, चिखल बघितला, मावशीचा अवतार बघितला. "हे काय करून ठेवलंस?"

आणि मावशीने सांगून टाकलं. झोका, खराटा, चिमूट चिमूट, सगळं. सांगताना वर बघितलं नाही. काकू हसायला लागल्या. अशा हसल्या, अशा हसल्या की त्यांना कुंपणाचा खांब धरावा लागला.

"हसा," मावशी म्हणाली. "तुमचा हक्क आहे."

"अगं, तुझं झाडलेलं अंगण दाखवून मी माझ्या सुनेला आयुष्यभर बोलले!" काकूंनी डोळे पुसले. मग चिखलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पण ही माती अशी नुसती ओतून राहते होय? कणीक मळल्याशिवाय पोळी लाटतेस का? माझे सासरे अंगण करायचे तेव्हा थर टाकायचे, पाणी शिंपडायचे, ठोकायचे, मग पुढचा थर. आणि ही असली भुसभुशीत नको. चिकट माती हवी, तिच्यात विटांचा चुरा. त्यांचं धुम्मस अजून आहे माझ्या कोठीत. नेतेस?"

धुम्मस म्हणजे जमीन ठोकायचा तो दांड्याचा जड लाकडी ठोकळा. मावशी म्हणाली, "द्याल?"

"देईन. पण माझा पाइप होता तिथे परत करून द्यायचा. माझ्या दारात तळं झालंय, तुझ्या कृपेने."

मावशीचा चेहरा उतरला. एका छपराचं पाणी आवरताना जीव जात होता, आता दोन छपरांचं? पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? "करून देते," ती म्हणाली, आणि मनात स्वतःला आणखी चार शिव्या दिल्या.

मग खरं काम झालं. चिकट माती गल्लीच्या टोकाला एका बांधकामावर पडून होती, टाकायला जागा नव्हती म्हणून त्यांनी आनंदाने नेऊ दिली. वाढवलेला उंबरठा फोडून त्याच विटांचा चुरा केला. नवरा म्हणाला, "माझं काम वाया गेलं नाही बघ." थर टाकायचा, शिंपडायचं, ठोकायचं. धुम्मस उचलून उचलून मावशीच्या दंडांना मुंग्या यायच्या आणि शाळेत घंटा देताना हात वर जायचा नाही. अण्णा खिडकीत बसून मुकादमगिरी करायचे.

"डावीकडे चढ राहिलाय!"

"डावीकडे म्हणजे कुणाच्या? तुमच्या की माझ्या?"

"पाण्याच्या!"

मग ती तांब्याभर पाणी ओतायची आणि ते कुठे जातं ते दोघं बघत राहायचे. भिंतीकडे वळलं की परत ठोक. जोत्याचे दगड पुरते झाकायचे नाहीत, वरचा एक थर उघडा ठेवायचा, नाहीतर मातीचीच ओल भिंत पिते, हे काकूंनी कुंपणावरून ओरडून सांगितलं. मग उताराच्या तळाशी, कुंपणाच्या कडेने एक उथळ चर खणला, थेट गल्लीतल्या गटारापर्यंत. त्यात जुनी कौलं उलटी मांडली, एकात एक जराशी सरकवून. आपल्या पन्हाळीचं पाणी आतापर्यंत भिंतीच्या बुडाशीच पडत होतं. शाळेच्या अडगळीत पडलेला पाइप मोठ्या बाईंना विचारून आणला आणि ते पाणी पार चरापर्यंत नेलं. इतकी वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही, असं नवरा म्हणाला. मावशी म्हणाली, "फोनवर आलं नसेल." शेवटी काकूंचा पाइप परत फिरवला. तोही त्याच चरात.

आणि मग पाऊस येईना. इतके दिवस नको तेव्हा आला, आता हवा तर आकाश स्वच्छ. मावशी शाळेच्या जिन्यावरून वर बघायची आणि चरफडायची. न बघता कसं कळणार?

तो शेवटच्या रविवारी आला. भाऊजींच्या मागोमाग.

भाऊजी एक रिकामं खोकं घेऊन आत आले, अण्णांचे कपडे भरायला. बूट दारात काढले, मागच्या खोलीत गेले, भिंतीला हात लावला. खालच्या कोपऱ्यात हाताएवढा काळपट डाग होता.

"वहिनी, ओल आहे अजून."

"ती जुनी आहे. भिंत एका दिवसात भिजली नाही, एका दिवसात वाळेल कशी?"

"असं म्हणता, पण..."

तेवढ्यात छपरावर ताडताड सुरू झालं. सगळे मागच्या दारात जमा झाले. आधी आपल्या पाइपाचं पाणी आलं, चरात पडलं, कौलांवरून वळलं आणि गेलं. मावशीने श्वास सोडला. मग काकूंचं आलं. केवढ्याने आलं! गढूळ, फेसाळ, धबधब्यासारखं. चर काठोकाठ भरला. आणि वळणावर, जिथून गटाराकडे वाट होती, तिथे पाणी अडलं. फुगलं. उतारावर एक बोट वर चढलं, मग आणखी एक.

"चढतंय," भाऊजी म्हणाले.

मावशी पावसात धावली. वळणाशी गुडघ्यावर बसून तिने कोपरापर्यंत हात घातला. पानं! काकूंच्या छपरावरची सगळी पानं, एकमेकांना चिकटून, लगदा होऊन बसलेली. तिने ओंजळ भरून काढली, मागे फेकली, परत हात घातला. "झाडायचं तिथे कुणी झाडत नाही!" ती ओरडली, कुणाला ते तिलाच ठाऊक. पलीकडून काकू छत्री धरून ओरडल्या, "उद्या छप्पर साफ करवून घेते गं!" तिसऱ्या ओंजळीला लगदा सुटला आणि पाणी असं गेलं, असं गेलं, की गटाराच्या तोंडाशी त्याचा आवाज आला.

चिंब होऊन ती आत आली तेव्हा अण्णा धाकट्याला सांगत होते, "चाल."

"काय?"

"खोलीत चाल. पलंगाखाली पाय घाल. टेबलाखाली घाल. भिंतीच्या कडेने ये."

भाऊजींचे मोजे पांढरेशुभ्र. ते बिचारे बापाचं ऐकून सगळी खोली मोज्यांनी फिरले, वाकून पलंगाखालीसुद्धा पाय घालून आले. बाहेर पाऊस कोसळत होता.

"आता बस. मोजे दाखव."

अण्णांनी डोळ्याला भिंग लावलं. धाकट्याचा पाय मांडीवर घेऊन तळवा असा तपासला, जसं घड्याळ तपासावं. मग दुसरा. मोजे मळले होते, कारण त्या गडबडीत फरशी पुसायची राहिली होती, आणि मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भिजले नव्हते.

"कोरडे," अण्णा म्हणाले. "खोकं घेऊन जा."

"अण्णा, पण खोकला..."

"खोकला माझा आहे. तो माझ्याजवळ राहील." आणि मग जरा खालच्या आवाजात, "टेबल इथे आहे रे."

भाऊजींनी टेबलाकडे बघितलं आणि रिकामं खोकं काखेत मारलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण पावसाळा संपेपर्यंत मी दर रविवारी येऊन बघणार. ओलं दिसलं की नेणार."

"ये की. तेवढीच तुझी गाठ पडेल."

ते गेले. मावशीने कपडे बदलले, चहा टाकला, कप घेऊन मागच्या दारात उभी राहिली. उतार जागच्या जागी होता. पण त्यावर गवताच्या काड्या उगवायला लागल्या होत्या. त्या असू देत, त्यांच्या मुळांनी माती धरून राहते, असं काकूंनी बजावलं होतं. आणि त्या गवतात पानं. ओली, वाळकी, काकूंच्या छपरावरची तर ढीगभर. चिखलाची बोटं, फेकलेला लगदा, कौलाचे तुकडे. असं अंगण तिने जन्मात बघितलं नव्हतं. काकूंनी परत दिलेला खराटा दारामागे उभा होता आणि त्याला आता हात लावायचा नव्हता. उद्याही नाही, परवाही नाही. उद्या कुणी शाळेतलं घरी आलं तर काय म्हणेल, ही ती मावशी?

तिने कप खाली ठेवला, पदर खोचला, आणि वाकून एक पान हाताने उचललं. मग दुसरं. मग तिसरं. कंबर ठणकत होती.

खिडकीतून अण्णांनी बराच वेळ बघितलं. शेवटी न राहवून म्हणाले, "एवढी वाकतेस कशाला? एकदा झाडून टाक की!"

मावशी पानं हातात घेऊन हळूहळू सरळ झाली आणि खिडकीकडे अशी बघायला लागली, की अण्णांनी घाईघाईने भिंग डोळ्याला लावलं आणि समोरच्या घड्याळात डोकं घातलं.